त्रेसष्ट जण भेटून गेले

२० ऑगस्ट, बुधवार. संध्याकाळी ६

वहीस पुंजाराम याचा नमस्कार. घरच्या मंडळींची खुशाली काय? चंद्रभागेची तब्येत कशी आहे? गुडघा सोडून बरी. अश्विनची? बरी, कंपनीत ओव्हरटाइम चालू आहे. सूनबाई सुवर्णाची? तक्रार करत नाही, म्हणजे बरीच असणार. गाईची? पान्हा चोरते, बाकी बरी. शेजारच्या मळ्यातल्या चिमाजीची? उत्तम. माझी तर विचारूच नये. एकोणसत्तर पूर्ण, आणि काठी फक्त कुत्र्यांसाठी वापरतो.

रोजनिशी अशी सुरू करतात का, माहीत नाही. मी आजवर पत्रंच लिहिली. सातवी नापास असून पंचवीस वर्षं अख्ख्या गावाची पत्रं या हाताने लिहिली. आधी एकेकाची खुशाली, मग मजकूर. हात तसाच वळतो.

मजकूर: आजपासून समाजमंदिरात ट्रेनिंग सुरू. विषय मानसिक आरोग्य. नाशिकच्या एका संस्थेच्या शुभांगी मॅडम शिकवतात. वयाने आमच्या सुनेएवढ्या. दर बुधवारी दोन ते चार. पाच वर्ग पुरे केले की 'मनमित्र' असा बिल्ला मिळणार. गावात कोणाचं मन दुखत असेल तर मनमित्राने ऐकून घ्यायचं, आणि गरज वाटली तर दवाखान्याची वाट दाखवायची. एवढंच. मी तर हे काम जन्मापासून करतोय, फक्त बिल्ला नव्हता.

मॅडम म्हणाल्या, रोजनिशी लिहा, कोणी वाचणार नाही. मी विचारलं, मग लिहायची कोणासाठी? म्हणाल्या, स्वतःसाठी. जरा हिरमोड झाला. अक्षर चांगलं आहे माझं.

चिमाजीला चल म्हटलं होतं. झेंडूत खुरपणी आहे म्हणाला. पुढच्या वेळी ओढून नेणार.

३ सप्टेंबर, बुधवार

मागच्या बुधवारी गणपती बसले, म्हणून सुट्टी. आज दुसरा वर्ग. तीन नियम दिले. एक, ऐका. दोन, सल्ला देऊ नका. तीन, जे ऐकलं ते आपल्यापाशीच ठेवा. तिन्ही पाठ झाले. वर्गात सर्वात आधी मीच म्हणून दाखवले.

मग रोलप्ले. मी दुःखी माणूस व्हायचं आणि वर्गातल्या मंगलाबाईने मनमित्र. मंगलाबाई म्हणाली, "बोला तात्या, काय होतंय?" मी म्हटलं, आधी तू नीट बस, पाठ सरळ ठेव, समोरच्याच्या डोळ्यात बघ. मग ऐकायचं कसं ते तिला समजावून सांगितलं. वेळ संपली. मॅडम म्हणाल्या, "काका, तुम्ही पेशंट होतात." म्हटलं, हो, पण पेशंटनेच शिकवलं तर मनमित्र लवकर तयार होतो. मॅडम हसल्या. माझ्यावर त्यांचा विश्वास बसला आहे.

संकल्प: उद्यापासून घरात ऐकण्याचा सराव. रोज अर्धा तास.

४ सप्टेंबर, गुरुवार

सराव केला. चंद्रभागेसमोर बसलो आणि म्हणालो, बोल, मी ऐकतो. ती भाजी निवडत होती. म्हणाली, "काय केलंत?" म्हटलं, काही नाही, तू बोल. म्हणाली, "एवढं गोड बोलताय म्हणजे काहीतरी सांडून-फोडून आलात." ऐकलं: चार मिनिटं. त्यातली तीन ती मला ओरडत होती. तरी सुरुवात झाली. थेंबे थेंबे तळे साचे.

१० सप्टेंबर, बुधवार. सकाळी ८

चाळीस वर्षं मी आणि चिमाजी फुलबाजारात एकत्र जातो. आधी सायकलवर, मग माझ्या राजदूतवर, आता समाधानच्या टेंपोत. गणपतीपासून चिमाजी आलेला नाही. समाधान म्हणाला, "आबा लय दिवस दिसले नाय, तात्या. भांडण झालं का काय?" म्हटलं, छे रे. गडी हुशार आहे. फुलं धरून ठेवतोय, दसऱ्याला भाव चढला की काढेल. समाधान म्हणाला, "फुलं काय कांदा हाय का, चाळीत भरून ठेवायला?" आजकालच्या पोरांना बाजाराची समज नाही.

चिमाजीची बायको नवसाबाई दीड वर्षापूर्वी गेली. बाजारात माझ्या गोणीशेजारी बसून हार ओवायची. अख्ख्या बाजारात तिच्याइतका घट्ट हार कोणाचा नव्हता. ती गेल्यावर मी चिमाजीला दहाव्यालाच सांगितलं होतं, मन घट्ट कर. त्याने केलं. तेव्हापासून रडताना दिसला नाही.

१७ सप्टेंबर, बुधवार

चौथा वर्ग. मन आजारी असल्याची लक्षणं सांगितली. झोप उडणं, जेवण तुटणं, आवडीचं काम सुटणं, माणसं टाळणं. मॅडम म्हणाल्या, आपल्या ओळखीत कोणी असं आहे का, डोळे मिटून आठवा. मी मिटले. मंगलाबाई आठवली. पूर्वी आमच्याकडे ताक मागायला यायची, हल्ली येत नाही. लक्ष ठेवायला हवं.

घरी आल्यावर चंद्रभागा म्हणाली, "चिमाजीभाऊंकडे भाकरी देऊन आले. कालचीही तशीच होती." म्हटलं, दाताचं असेल. म्हणाली, "हो, दाताचंच." आणि माझ्याकडे बघत राहिली. तिचं हे बघणं मला कधी कळलं नाही.

२४ सप्टेंबर, बुधवार

बिल्ला मिळाला! हिरवा, गोल, मागे पिन. 'मनमित्र' आणि खाली माझं नाव. सदऱ्याला लावून गावातून दोनदा फिरून आलो. एकदा पिठाच्या गिरणीपर्यंत, एकदा उगाच.

सुवर्णाने विचारलं, आता काय करणार? म्हटलं, येत्या वर्षभरात गाव चिंतामुक्त. ती म्हणाली, "बरं, दादा." समजूतदार आहे.

२६ सप्टेंबर, शुक्रवार

पहिली केस! बिल्ला लावून संध्याकाळी चिमाजीच्या ओट्यावर गेलो. बिल्ल्याबद्दल त्याने काही विचारलं नाही, म्हणून मीच सांगितलं. ऐकणं किती महत्त्वाचं आहे हे त्याला समजावून दिलं. साधारण पाऊण तास लागला. दम लागला म्हणून थांबलो, तर त्यातच चिमाजी बोलला. आमच्या पन्नास वर्षांच्या दोस्तीत तो एका दमात इतकं कधी बोलला नव्हता, म्हणून जसंच्या तसं लिहून ठेवतो.

म्हणाला, "पुंज्या, सकाळी उठवत नाय रे. छातीवर ओलं पोतं ठेवल्यावाणी होतं. झेंडू फुललाय, दिसतो मला. तोडायला वाकलो की वाटतं, तोडून देऊ कोणाला? तिची सुई बघ अजून खुंटीला हाय. दोरा ओवलेला हाय तिनं. अर्धा हार करून उठली, परत बसलीच नाय. ती सुई मला काढवत नाय."

मग म्हणाला, "कोणाला बोलू नको. राखीला तर नायच, तिची पोरं ल्हान हायेत. तू आपला सांजचा येऊन बसत जा. बोलायचं काय नाय."

राखी म्हणजे त्याची पेठला दिलेली लेक. मी गळ्याची शपथ घेतली. सल्ला द्यायचा नसतो, म्हणून सल्ला दिला नाही. फक्त उदाहरणं दिली. अकरा. मग वर्गात मिळालेलं दवाखान्याचं कार्ड त्याच्या हातात ठेवलं. त्याने ते बंडीच्या खिशात घातलं.

निष्कर्ष: केस यशस्वी. माणूस मोकळा झाला. उद्यापासून रोज संध्याकाळी जायचं. हा संकल्प पक्का.

२८ सप्टेंबर, रविवार

काल गेलो. दहा मिनिटं बसलो. तो काही बोलेना. नुसतं बसून काय करायचं, कळेना. पाऊस आला म्हणून उठलो. आज पाऊस नाही, पण चिखल आहे.

१ ऑक्टोबर, बुधवार

बिल्लेवाल्यांची आज बैठक होती. मॅडम म्हणाल्या, अनुभव सांगा, पण कोणाचं नाव घ्यायचं नाही. मी नाव अजिबात घेतलं नाही. एवढंच म्हटलं की एक झेंडूवाला आहे, माझ्या बांधाला बांध, बायको हार करायची, डावा डोळा जरा बारीक. मंगलाबाई म्हणाली, "म्हंजे चिमाजीआबा!" म्हटलं, मी नाव घेतलेलं नाही, वही साक्षी आहे. मॅडम काहीतरी बोलणार होत्या, पण तेवढ्यात लाइट गेली आणि पंख्याबरोबर बैठकही थांबली.

परत येताना डोक्यात वीज चमकली.

सहा वर्षांपूर्वी विहिरीवर घसरून माझी मांडी मोडली. पंचेचाळीस दिवस खाटेवर. तेव्हा भेटायला कोण कोण आलं, काय आणलं, सगळं मी वहीत लिहून ठेवलं होतं. आज ती वही काढली. त्रेसष्ट जण! बिस्किटाचे पुडे एक्केचाळीस, केळी अगणित, शहाळी नऊ, हॉर्लिक्सची बाटली एक (अश्विनच्या सासऱ्यांची). हाड मोडलं तर त्रेसष्ट माणसं. आणि मन मोडलं तर? कोणी केळ्याची फणी घेऊन जातो का? तुझं मन कसं आहे, असं विचारतो का? चिमाजीकडे या दीड वर्षात कोण गेलं?

हीच तर चूक आहे समाजाची. मॅडमनाही सुचलं नाही ते मला सुचलं. सगळ्या गावाने चिमाजीला रीतसर भेटायला जायचं. रविवारी सकाळी दहाला. मी निरोप फिरवणार.

ता.क. वहीत चिमाजीचं नाव सापडलं नाही. त्रेसष्टांत नाही! जवळचा मित्र आणि साधा पुडा घेऊन आला नाही. असो. मन मोठं करून माफ केलं.

२ ऑक्टोबर, गुरुवार. दसरा

चिमाजीने झेंडू तोडला नाही. दसऱ्याला. सगळं शेत नुसतं पिवळं-केशरी, आणि आत माणूस नाही. येणारे-जाणारे गाड्या थांबवून फोटो काढत होते. माझ्या हयातीत दसऱ्याला झेंडू उभा राहिलेला मी पाहिला नाही.

त्याच्याकडे जायला वेळ झाला नाही. त्याच्याच कामात होतो. बावीस घरांना निरोप दिला.

चंद्रभागा मात्र सकाळी त्याच्या शेतातून मूठभर फुलं तोडून त्याच्या दाराला तोरण लावून आली. एकटीच. मला बोलावलं नाही.

५ ऑक्टोबर, रविवार. दुपारी २

लिहायला हात थांबत नाही. बावीस जण आले! केळी, बिस्किटं, दोन नारळ. समाधानने पेढेही आणले. म्हणाला, "चांगल्या कामाला तोंड गोड पायजे." चंद्रभागा आली नाही. गुडघा दुखतो म्हणाली.

चिमाजी ओट्यावर बसला होता. एवढी माणसं फाटकातून आत येताना पाहून उभा राहिला. वाटलं, किती आनंद झालाय. मंगलाबाईने कपाळाला हात लावून पाहिला. म्हणाली, "ताप नाय. पर त्वांड केवढं उतरलंय बया. भाएरचं काय हाय का बघून घ्या." समाधान म्हणाला, "आबा, मन घट्ट करा. आमचे साडू असेच घुमे झाले होते. म्हैस घेतली, दुसऱ्या दिवशी नीट." कोणी म्हणालं, सकाळी चाला. कोणी म्हणालं, रात्री दूध प्या. मी सगळ्यांना आठवण करून दिली की सल्ला द्यायचा नसतो. पण माणसं भाबडी.

मग मागून कोणीतरी विचारलं, "पर नेमका आजार काय म्हणायचा, तात्या?" आता बिल्ला माझ्याकडे. मी उभा राहिलो आणि नीट समजावून सांगितलं. छातीवरचं पोतं सांगितलं. फुलं तोडवत नाहीत ते सांगितलं. सुईदोऱ्याचं सांगितल्यावर बायकांच्या डोळ्यांना पदर लागले. दोघी-तिघी आत जाऊन खुंटीवरची सुई बघून आल्या. कार्यक्रम चांगलाच रंगला.

चिमाजीने चहा केला! स्वतः! त्याच्याकडे कप सहाच, म्हणून चार पंगती झाल्या. प्रत्येक वेळी कप विसळून आणत होता. मी बोलत होतो तेव्हा तो नळाशी पाठमोरा होता. पाणी बराच वेळ वाहू दिलं त्याने. एरवी पाण्याच्या बाबतीत फार काटकसरी माणूस.

निघताना त्याने सगळ्यांना हात जोडले. मला म्हणाला, "झालं तुझं?" म्हटलं, हो, आजच्यापुरतं झालं. पुढच्या रविवारी परत येऊ.

समाधानने फोटो काढला. मॅडमना पाठवला.

आजचा दिवस आयुष्यातल्या मोठ्या दिवसांत धरायला हरकत नाही.

६ ऑक्टोबर, सोमवार

चिमाजीच्या दाराला कुलूप.

केळी आमच्या गोठ्यासमोर ठेवलेली सापडली. बिस्किटं, नारळ, पेढेही. सगळं. बहुतेक मला वाटून घ्यायला दिलं असावं.

चंद्रभागा म्हणाली, तो पहाटे पेठच्या गाडीने राखीकडे गेला. किल्ली तिच्याकडे देऊन. म्हटलं, मला का नाही उठवलंस? म्हणाली, "त्यांनी तुम्हाला हाक मारली नाही."

हवापालट चांगलाच असतो. पेठला डोंगर आहेत. मीच सुचवणार होतो.

खिडकीतून आत डोकावलो. खुंटीला सुई नाही. घेऊन गेला.

८ ऑक्टोबर, बुधवार

मॅडमनी बैठक संपल्यावर मला थांबवून घेतलं. फोटो पाहिला होता. विचारलं, "काका, ह्यांनी तुम्हाला परवानगी दिली होती?" म्हटलं, पन्नास वर्षांचा दोस्त. परवानगी काय मागायची? त्या म्हणाल्या, "तुमचं म्हणणं खरं आहे. मनाच्या आजाराला कोणी भेटायला जात नाही. पण दार त्यांनी उघडायचं असतं. आणि त्यांनी ते एकदा उघडलं होतं, फक्त तुमच्यासाठी."

मग हळूच म्हणाल्या, "बिल्ला थोडे दिवस माझ्याकडे राहू दे."

बिल्ल्यावर माझ्या नावातला 'पुं' जरा तिरका छापला होता. तो नीट करून देणार असतील.

११ ऑक्टोबर, शनिवार

चिमाजीला फोन केला. उचलत नाही. एकूण चौदा वेळा. पेठच्या डोंगरात रेंज नसते.

१३ ऑक्टोबर, सोमवार

राखीच्या फोनवर लावला. रेंज आहे. राखी म्हणाली, बाबांना दवाखान्यात नेलं होतं. बंडीच्या खिशात ते कार्ड सापडलं, त्यावरच्या नंबरावर आधी विचारलं. गोळ्या चालू झाल्या, महिनाभराने परत दाखवायचं. काल थोडा भात खाल्ला. मी म्हटलं, बघ, कार्ड मीच दिलं होतं! ती मग म्हणाली, "हो, तात्या. कार्ड तुमचंच."

म्हटलं, फोन दे त्याला. तिने नेला असावा, कोंबड्यांचा आवाज आला, मग राखीचाच आवाज. "तात्या, बाबा म्हणतात..." आणि थांबली. म्हटलं, बोल पोरी, ऐकतोय. म्हणाली, "बाबा म्हणतात, मी एकट्या पुंज्याला सांगितलं होतं."

म्हटलं, बरं. काळजी घ्या. आणि फोन ठेवला.

भाऊबीजेला येईलच. रागावला तरी भाऊबीज चुकवणार नाही. चंद्रभागेला सख्खा भाऊ नाही. चाळीस वर्षं ती चिमाजीलाच ओवाळते. इकडची दुनिया तिकडे झाली तरी तो येतो. आला की मी एक अक्षर बोलणार नाही. संकल्प.

२२ ऑक्टोबर, बुधवार

उद्या भाऊबीज. ओटा सारवून घेतला, स्वतः. चिमाजीची बसायची जागा आहे ना, खांबाशी, तिथे सतरंजी घालून ठेवली. चंद्रभागेने करंज्या केल्या. म्हटलं, जरा जास्त कर, तो घेऊन जाईल. ती डब्यात भरत होती.

त्याच्या शेतातला झेंडू सगळा वाळला. जाताना वास येतो.

२३ ऑक्टोबर, गुरुवार. भाऊबीज. सकाळी १०

चंद्रभागा डबा आणि ओवाळणीचं ताट पिशवीत घालून निघाली. म्हटलं, कुठे? म्हणाली, पेठला. म्हटलं, थांब, सदरा बदलतो. म्हणाली, "तुम्ही नको."

गुडघा दुखतो तिचा. एसटीच्या पायऱ्या चढवत नाहीत. समाधानने टेंपोतून पेठ नाक्यापर्यंत सोडलं.

संध्याकाळी ७

आली. विचारलं, कसा आहे? म्हणाली, वाळलेत, पण दाढी केली होती. विचारलं, काय बोलला? म्हणाली, "काही नाही." म्हटलं, सकाळपासून गेलीस, मग दिवसभर केलंत काय? म्हणाली, "ओवाळलं. मग राखीच्या अंगणात बसलो. वालाच्या शेंगा सोलल्या. त्यांनीही सोलल्या, मीही सोलल्या."

म्हटलं, माझं काही विचारलं? नाही म्हणाली.

मला राग आला. बोलून गेलो. म्हटलं, एवढा मोठा रुसवा? मी काय त्याचं वाईट केलं? बावीस माणसं नेली त्याच्या दारात. माझी मांडी मोडली तेव्हा अख्खं गाव आलं, त्रेसष्ट जण, वहीत लिहिलंय. त्यात हा नव्हता. मी कधी बोलून दाखवलं का?

चंद्रभागा पाय चोळत होती. चोळायची थांबली. म्हणाली, "वहीत नसतील. तुम्ही भेटायला आलेल्यांची नावं लिहीत होतात. ते भेटायला कधी आले? ते रोजच असायचे. पंचेचाळीस दिवस. बाजार करून सांजेला यायचे, खाटेच्या पायथ्याशी बसायचे. तुम्ही बोलायचात, ते ऐकायचे. तुमचं लघवीचं भांडं कोण धुवत होतं, वाटलं तुम्हाला? मी? मला तेव्हा चिकनगुनिया होता."

मला वाटत होतं, तीच धुवायची. इतकी वर्षं तसंच वाटत होतं.

२४ ऑक्टोबर, शुक्रवार

जुनी वही काढली. त्रेसष्ट नावं परत वाचली. अश्विनच्या सासऱ्यांपासून दूधवाल्यापर्यंत. शेवटी चौसष्ट आकडा घालून चिमाजीचं नाव लिहायला घेतलं. पण आणलेल्या वस्तूच्या रकान्यात काय लिहायचं?

ते पंचेचाळीस दिवस आठवायचा प्रयत्न केला. मी काय काय बोललो ते सगळं आठवतं. तो काय बोलला, एकही शब्द आठवत नाही. बहुतेक बोललाच नसेल.

आणि त्याने माझ्याकडे काय मागितलं होतं? तू आपला सांजचा येऊन बसत जा. तेवढंच.

२७ ऑक्टोबर, सोमवार

चंद्रभागेकडे किल्ली मागितली. म्हणाली, कशाला? म्हटलं, नको, आत जायचं नाही. किल्ली राहू दे. ओट्यावरच बसतो.

संध्याकाळी चिमाजीच्या ओट्यावर जाऊन बसलो. बोलायचं नाही असं ठरवून. अकरा मिनिटं जमलं. मग कुत्र्याशी बोललो.

२९ ऑक्टोबर, बुधवार

मॅडम भेटल्या. म्हणाल्या, "काका, रोजनिशी चालू आहे ना?" म्हटलं, हो. म्हणाल्या, "स्वतःचं लिहिता ना त्यात?" मी हो म्हणायला तोंड उघडलं आणि मिटलं. बिल्ल्याचं त्यांनी काढलं नाही. मीही काढलं नाही. 'पुं' तिरका नव्हताच.

आज ओट्यावर अर्धा तास. काही बोललो नाही. काळोख पडेपर्यंत बसवत नाही अजून.

२ नोव्हेंबर, रविवार

चार पानांचं पत्र लिहिलं होतं. सकाळी परत वाचलं. पहिलं पान माफीचं, उरलेली तीन उदाहरणांची. ती तीन फाडली. उरलं ते इथे उतरवून ठेवतो. चंद्रभागा उद्या पेठला जाणार आहे, तिच्या डब्याखाली घालून देतो.

मित्र चिमाजी यास पुंजारामचा नमस्कार.

तुझी तब्येत कशी आहे? भात जातो का? झोप लागते का? राखीची तब्येत कशी आहे? तिच्या पोरांची? जावईबापूंची? राखीच्या कोंबड्यांची? फोनमध्ये आवाज ऐकला त्यांचा. सगळ्यांची खुशाली एकेक करून कळव.

इकडे चंद्रभागा बरी आहे. अश्विन, सुवर्णा बरे आहेत. मी बरा आहे असं लिहायची सवय आहे. पण मी फारसा बरा नाही. फुलबाजारात टेंपोत बसलो की शेजारी मोकळी जागा असते, तिथे समाधान पोती ठेवतो.

तू मला एकट्याला सांगितलं होतंस. मी ते बावीस जणांना सांगितलं. सुईचंसुद्धा. माझं तोंड असंच आहे, हे तुला माहीत होतं, तरी तू मला सांगितलंस. त्याचं जास्त लागतं.

मांडीच्या वेळचं चंद्रभागेने आत्ता सांगितलं. सहा वर्षं मला ठाऊक नव्हतं. तू का नाही बोललास? नको, हे विचारत नाही.

हल्ली सांजेला तुझ्या ओट्यावर बसतो. आत जात नाही. पहिल्या दिवशी कुत्र्याशी बोललो, आता तेही कमी केलंय. तू आलास की मी खांबाच्या या बाजूला बसेन, तू त्या बाजूला बस. तोंड उघडणार नाही. शपथ घेत नाही, मागची मोडली. पण नाही उघडणार.

पेठला थंडी पडते, कान बांधून... (हा सल्ला झाला. खोडला.)

तुझं अक्षर कोंबडीच्या पायासारखं, तरी दोन ओळी लिही. नाही सुचलं तर नुसता कोरा कागद घडी करून चंद्रभागेकडे दे. मी समजेन. पण उत्तर लवकर पाठव. मी ओट्यावर आहे.